हंगेरीचं नागरिकत्व पूर्वजांमार्फत: अर्जाआधीची तयारी

दाखले मागवायच्या आधी पणजोबांनी हंगेरी कधी सोडली, ते साल पक्कं करा. १८७९च्या कायद्यानुसार दहा वर्षं सलग परदेशी राहिलेल्याचं नागरिकत्व आपोआप जायचं, आणि हा नियम थेट १९२९मध्ये रद्द झाला. म्हणजे १९०५च्या सुमाराला पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात गेलेल्या माणसाचं नागरिकत्व बहुधा गेलेलंच. वंश आईकडून येत असेल तर आणखी एक तारीख बघा. १ ऑक्टोबर १९५७ पूर्वी हंगेरियन आई आणि तिचा परदेशी नवरा यांच्या मुलाला आईकडून काहीच मिळत नसे. साखळी अशी तुटली, तरी २०११पासून लागू झालेली सोपी नागरिकत्व प्रक्रिया उरते. मात्र त्यासाठी अर्जदाराला हंगेरियन बोलता यावं लागतं.

मग गाव. १९२०च्या त्रियानों तहानंतर जुन्या हंगेरीचा बराच मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. कोलोझ्वार आज रोमानियातलं क्लुझ आहे, काश्शा स्लोव्हाकियातलं कोशित्से. दाखला तिथे मागायचा, बुडापेस्टला नाही. सरकारी जन्मनोंदी ऑक्टोबर १८९५पासूनच्या. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत शोधा.

खरा वैताग नावांचा. जन्मनोंदीत इश्तवान, रोमानियन कागदावर श्तेफान, अमेरिकेत स्टीव्ह! प्रत्येक माणसासाठी कुठल्या कागदावर काय नाव आहे त्याचा तक्ता आधीच करा, म्हणजे खिडकीवर त्रेधा उडणार नाही. बायकांचं तर विचारूच नका. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याकडेही होती, पण तिथे कोवाच यानोशची बायको नुसती ‘कोवाच यानोश्ने’ होऊन बसते, स्वतःचं नाव गायब. आणि अर्जात मात्र आईचं माहेरचं नाव हवंच. म्हणून लग्नाचे दाखले सोडू नका, आणि अमेरिकन जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, सविस्तरच मागवा. त्रोटक दाखल्याचे पैसे फुकट जातात.

अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) आधी, भाषांतर नंतर, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं. भाषांतर कुणाकडून करून घ्यायचं ते वकिलातीला आधी विचारा. गल्लीतल्या भाषांतरकाराचं बहुतेकदा चालत नाही.

घरात कुणी भारतीय पासपोर्टवाला असेल तर थांबा. त्याने स्वतःहून हंगेरीचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं.