पिकअप घाट चढत नाही? इंजिन उतरवण्याआधी या चुका टाळा

तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेली पिकअप घाटात दम टाकायला लागली, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) गेला", दुसरा "इंजिन काम निघालं". दोन्ही खिशाला जड आणि बहुतेक वेळा घाईचे. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाटानं कोल्हापूरला जाणारी, किंवा भिवंडीचा माल घेऊन कसारा चढणारी बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर आणा. अडीच लिटरचं कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, जोरदार दाबानं डिझेल मिळणारं. त्याला पुरेशी हवा, पुरेसं डिझेल आणि धूर बाहेर पडायला मोकळी वाट हवी. या तिन्हींचा हिशेब लागल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

"ओढत नाही" एवढंच सांगून गाडी गॅरेजला सोडणं

मेस्त्री अंतर्यामी नाही. ताकद एकदम गेली की महिना-दोन महिन्यांत हळूहळू? रिकामी गाडी पळते का? थंड इंजिनला बरी आणि गरम झाल्यावर मेली, असं आहे का? चावी बंद करून पुन्हा स्टार्ट केल्यावर थोडा वेळ ठीक चालते का? तसं असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकतंय आणि त्यानंच ताकद आवळून धरलीय. याची उत्तरं ड्रायव्हरकडे असतात, आणि ड्रायव्हर गाडी लावून चहाला गेलेला असतो.

धूर न बघता पार्ट बदलणं

भरलेली गाडी चढावर घ्या आणि मागून कुणाला तरी धूर बघायला सांगा. ताकद नाही आणि काळा धूर भसाभसा, म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), टर्बो या बाजूला शोधा. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट) जास्त डिझेल सोडत असेल तरी असा धूर येतो, पण आधी हवा बघा, ते स्वस्त पडतं. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही किंवा कॉम्प्युटर ते तोडतोय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत मात्र डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर) असेल तर काजळी तिथेच अडते. तिथे धूर स्वच्छ दिसला म्हणून हवेची बाजू सोडून देऊ नका, आणि डीपीएफ स्वतःच तुंबलाय का, हेही बघा.

उभ्या गाडीत होज बघून "ओके" म्हणणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. इंटरकूलरचा जुना रबरी होज गाडी उभी असताना शाबूत दिसतो. लोड आला, टर्बोनं दाब भरला, की खालच्या बाजूची चीर उघडते आणि भरलेली हवा तिथूनच निघून जाते. चढावर "फुस्स" किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, आरपीएम उतरला की चीर मिटते. बोटं होजच्या खालून फिरवा, क्लिपच्या मागे विशेष. तिथे ऑइलनं ओली, काळी धूळ चिकटलेली असेल तर जागा सापडली. टेप गुंडाळू नका, पुढच्या घाटात ती सुटते. होज बदला. टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या पार्टकडे) जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळीही तेव्हाच बघून घ्या. ती तडकली की चांगला टर्बोसुद्धा मेल्यासारखा वागतो.

एअर फिल्टर कॉम्प्रेसरनं मारताना हवा आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते.

डिझेल फिल्टर बदलला म्हणजे डिझेलची बाजू संपली, असं समजणं

कॅनमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. गाडी जोरात ओढायला लागली की गाळ टाकीतल्या डिझेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर येतो, इंजिन गुदमरतं. दहा मिनिटं उभी केली की गाळ खाली बसतो आणि गाडी पुन्हा पळते. टाकीचं झाकण उघडताना सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली तर हवेचं भोक बंद आहे. फिल्टरच्या अलीकडे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून बघा. बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डाग शोधून काही हाती लागत नाही.

स्कॅनरचा कोड म्हणजेच खराब पार्ट, असं धरणं

पी ०२९९ आला म्हणजे बूस्ट, टर्बोनं भरलेला हवेचा दाब, कमी. टर्बो बदला, असं तो सांगत नाही. वर सांगितलेला फाटका होजही हाच कोड देतो. पी ००८७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी. पंप महाग असतो, तुंबलेला फिल्टर स्वस्त. आधी कुठे बघायचं ते उघड आहे. इंजेक्टरवर संशय असेल तर चारही रिटर्नच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) नळ्या सारख्या बाटल्यांत सोडा. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरेल, तो इंजेक्टर संशयित.

जुन्या पंपाच्या इंजिनात चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची सवय होती. कॉमन रेलमध्ये हे अजिबात करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. बारीक फवारासुद्धा कातडी भेदून डिझेल आत घुसवतो, आणि ती जखम टिचभर दिसली तरी तातडीनं ऑपरेशन करावं लागतं.

इंजिन सोडून बाकी गाडी न बघणं

आरपीएम वाढतो आणि स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. दहा किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. ॲक्सिलरेटरखाली नवं जाड मॅट टाकलंय का, तेही बघा. पेडल तळाला टेकतच नाही, आणि मालक इंजेक्टरचं बिल भरतो.

टर्बो बदलला, कारण शोधलं नाही

टर्बोची शाफ्ट खरोखर खिळखिळी झाली असेल तर बदलावाच लागेल. पण त्याला ऑइल देणारा पाइप कार्बननं अर्धा बुजलेला असेल तर नवाही जातो. तो पाइप साफ किंवा नवा, ऑइल आणि ऑइल फिल्टर ताजे, इंटरकूलरमधलं जुनं ऑइल काढलेलं, हे झाल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नका.

आणि हे सगळं चांगलं निघालं, तर मग इंजिन. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं ठेवा. थोडी वाफ चालते. पण झाकण उडायला लागलं आणि धूर ठोके देत बाहेर पडला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय. तरीही लगेच खोलू नका. आधी गेजवर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या आणि एकमेकांशी ताडून बघा. जो कमी येईल त्याचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व बंद असताना, त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. यातलं रिंगा सोडून काहीही असेल, तर काम हेड उतरवून भागतं.