म्हशीच्या पित्तनळ्यांतले पर्णकृमी: तपासणी, मात्रा आणि वेळ

भातखाचरांच्या पट्ट्यातली म्हैस चारा खाऊनही वाळत जाते, दूध उतरतं, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते. फॅसिओला जायगँटिका हा पानासारखा चपटा कृमी पित्तनळ्यांत राहून रक्त पितो. रक्त आणि प्रथिनं घटतात, म्हणून सूज. तोवर नळ्यांच्या भिंती जाड झालेल्या असतात.

शेण जमिनीवरून उचलू नका. गुदद्वारातून ताजं घ्या, 10-20 ग्रॅम पुरे, आणि थंड ठेवून त्याच दिवशी पाठवा. तळ साचवून तपासायला सांगा. या कृमीची अंडी जड असल्याने नेहमीच्या मिठाच्या द्रावणात तरंगत नाहीत आणि अहवाल कोरा येतो. संसर्गानंतर साधारण 3 ते 4 महिने शेणात अंडी येतच नाहीत, तेव्हा एका कोऱ्या अहवालावर निर्धास्त राहू नका.

औषध डोळ्यांनी वजन जोखून देणं ही नेहमीची चूक. कमी मात्रेत काही कृमी वाचतात आणि औषधाला सरावतात. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, 660 ने भागा. घेर 70, लांबी 58 असेल तर सुमारे 430 किलो. ट्रायक्लाबेंडाझोल किलोमागे 12 मिलिग्रॅम धरल्यास ते 5.2 ग्रॅम होतं.

हे औषध यकृतात भटकणाऱ्या पिल्लांनाही मारतं. ऑक्सिक्लोझानाइड फक्त पित्तनळीतल्या प्रौढांवर चालतं. पावसाळा सरताच दिलं तर यकृतातली पिल्लं शाबूत राहतात आणि पुढे तीच नळीत उतरतात. म्हणून ते जानेवारी-फेब्रुवारीत द्या, आणि पावसाआधी पुन्हा एकदा. अल्बेंडाझोल गाभणीला पहिल्या महिन्यांत नको. दुभत्या जनावराला कोणतं औषध चालेल आणि दूध किती दिवस बाजूला ठेवायचं, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

औषधाने कृमी मरतात, चुना साचून कडक झालेली नळी मात्र पूर्ववत होत नाही. शिवाय या कृमीची पिल्लं ज्यांच्या अंगात वाढतात त्या गोगलगायी खाचरात राहिल्या की जनावर पुन्हा लागण घेतंच. पाण्याच्या कडेचं गवत थेट चारू नका. भाताचा पेंढा बुडापासून वर कापा, कारण कृमीच्या पुटिका, म्हणजे गोगलगायीतून बाहेर पडून कवचात बसलेली पिल्लं, पाण्यालगतच्या भागावर चिकटतात. मग कडक उन्हात वाळवा. बदकं गोगलगायी खातात, पण खाचर मोठं असेल तर त्यांच्यावर फार भिस्त नको. शेण ओढ्यात ढकलण्याऐवजी ढिगात कुजवा, आतल्या उष्णतेने अंडी मरतात.