पोर्ट्रेटवर अभिप्राय देता-घेताना या चुका टाळा

डोंगराच्या किंवा फुलाच्या फोटोवर चर्चा होते तेव्हा बाजू दोनच असतात: काढणारा आणि बघणारा. पोर्ट्रेटमध्ये आणखी एक माणूस असतं, ज्याचा तो चेहरा आहे ते. चर्चेच्या वेळी ते बहुधा तिथे नसतं. पोर्ट्रेटवरच्या अभिप्रायातल्या सर्वांत वाईट चुका माझ्या मते या तिसऱ्या माणसाचा विसर पडल्यामुळे होतात. उरलेल्या चुका घाईने बांधलेल्या अंदाजांच्या असतात आणि त्या सुधारणं त्यामानाने सोपं आहे.

फोटोऐवजी चेहऱ्यावर बोलणं

‘नाक मोठं दिसतंय’, ‘चेहरा फारच रुंद वाटतो’, ‘हनुवटी दुहेरी झालीय’. अशा शेऱ्यांवर फोटोग्राफरला काहीच करता येत नाही आणि ज्याचा चेहरा आहे त्याच्या ते जिव्हारी लागतात. शिवाय कित्येकदा दोष चेहऱ्याचा नसतोच. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण 12 सेंमी अंतर धरा. कॅमेरा नाकापासून 40 सेंमीवर असेल तर कान 52 सेंमीवर येतात, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक 30 टक्के मोठं उमटतं. कॅमेरा 2 मीटरवर नेला की हाच फरक 6 टक्क्यांवर येतो.

इथे ‘लेन्स बदल’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. चेहऱ्याचं प्रमाण ठरतं ते अंतरावरून. 85 किंवा 105 मिमी लेन्स लावल्यावर तेवढाच चेहरा फ्रेममध्ये बसवायला मागे सरकावं लागतं, म्हणून त्या लेन्स पोर्ट्रेटला चांगल्या. तेव्हा ‘कॅमेरा फार जवळ होता, दोन पावलं मागे जाऊन काढून बघ’ असं सांगा. दुहेरी हनुवटीचंही तसंच: कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर घ्यायचा आणि समोरच्याला हनुवटी थोडी पुढे काढून जराशी खाली करायला सांगायची.

याच प्रकारातली, पण जास्त दुखावणारी चूक म्हणजे सावळ्या किंवा काळ्या त्वचेला कमी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्याने कमी प्रकाश घेतला असं समजणं. ‘चेहरा उजळव’ असं म्हणण्याआधी बघा: कपाळावर, गालाच्या हाडावर उजेड दिसतो का? सावलीच्या बाजूला त्वचेचा पोत शिल्लक आहे का? दोन्ही असेल तर एक्सपोजर बरोबर आहे आणि त्वचा जशी आहे तशी आली आहे. खरं तर कॅमेऱ्याची चूक बरेचदा उलट दिशेने होते. समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर धरून चालतो, त्यामुळे गडद त्वचेने फ्रेम भरली की तो जास्त प्रकाश घेतो आणि त्वचा फिकट, राखाडी पडते. अशा फोटोला आणखी उजळवायला सांगणं म्हणजे त्या माणसाचा रंगच पुसणं.

निदान न करता ‘शार्प नाही’ म्हणणं

शार्प नसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा. म्हणून आधी फोटो 100 टक्के झूम करून बघायचा.

डोळा अस्पष्ट पण कान, केस किंवा कॉलर स्वच्छ दिसत असेल तर फोकस चुकला आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 85 मिमी लेन्स, अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/1.4 इतकं मोठं उघडलेलं आणि 1.5 मीटर अंतर असेल तर जेमतेम अडीच सेंमी खोलीचा पट्टा स्वच्छ येतो. चेहरा जरा वळलेला असला की दोन्ही डोळे त्यात बसत नाहीत. जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवून अपर्चर लहान करून एफ/2.8 केलं तर तो पट्टा दुप्पट होतो.

सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल तर कॅमेरा हलला. शटर स्पीड निदान फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याच्या) व्यस्तात असावा, म्हणजे 85 मिमीला 1/85 सेकंदापेक्षा संथ नको. बॅकग्राउंड स्वच्छ आणि फक्त हात किंवा डोकं पुसट असेल तर माणूस हललं. तिथे 1/250 लागेल. लहान मुलं समोर असतील तर त्याहूनही वेगवान.

चौथी शक्यता लोक विसरतात. पापण्या स्वच्छ आहेत, पण गाल मेणाचे वाटतात. हे एडिटिंगमध्ये झालेलं असतं. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) काढताना किंवा त्वचा गुळगुळीत करताना रंध्रं नाहीशी झाली. फोटोग्राफरला पुन्हा शूट करायला लावू नका, मूळ फाइलकडे परत जायला सांगा.

प्रकाशाबद्दल बोलतानाही अंदाज नको. डोळ्यांतल्या कॅचलाइटमध्ये, म्हणजे बुबुळावर चमकणाऱ्या उजेडाच्या प्रतिबिंबात, उजेडाच्या स्रोताचा आकार आणि दिशा बरीचशी वाचता येते. कॅचलाइट बुबुळाच्या बरोबर मधोमध असेल तर उजेड कॅमेऱ्याजवळूनच आला, म्हणून चेहरा सपाट. कॅचलाइट मुळीच नसेल आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या असतील तर तो डोक्यावरून आला.

हेतू न विचारता नियम लावणं

ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमरॉन यांच्या हातात 1863 च्या अखेरीस, वयाच्या 48 व्या वर्षी कॅमेरा आला. त्यांच्या पोर्ट्रेट्समधल्या मऊ फोकसवर त्या काळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी कडक टीका केली. त्यांना तो निव्वळ ढिसाळपणा वाटला. आज तीच पोर्ट्रेट्स त्या मऊपणासकट जपली जातात. म्हणून प्रत्येक अस्पष्ट फोटो थोर ठरत नाही, पण ‘तुला हा चेहरा कसा दिसायला हवा होता?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. ओळखपत्राचा फोटो, नाटकातल्या भूमिकेचा फोटो आणि आजीची आठवण म्हणून काढलेला फोटो यांना एकच मोजमाप लावता येत नाही.

जे खटकलं ते पुसायला सांगणं

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या ‘मायग्रंट मदर’ या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा आला होता. लँग यांना तो खटकत होता, म्हणून काही वर्षांनी निगेटिव्हवर रिटचिंग करून तो पुसट करण्यात आला. ज्या सरकारी प्रकल्पासाठी हा फोटो काढला होता त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हे पटलं नाही. मला दोघांचीही बाजू समजते. पण अभिप्राय देणाऱ्याने ‘हे काढून टाक’ म्हणण्याआधी ‘माझी नजर चेहरा सोडून इथे जाते’ एवढंच सांगावं. काढायचं, क्रॉप करायचं, अंधारात न्यायचं की ठेवायचं हे काढणारा ठरवेल. आणि न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून परत पाठवू नका. कितीही चांगल्या भावनेने केलं तरी तो आगाऊपणाच.

घेणाऱ्याच्या चुका

‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘मस्त’ मिळतं. नेमकं विचारा: ‘आधी नजर कुठे गेली?’, ‘तिच्या मनात काय चाललंय असं वाटतं?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. त्या दिवशी उजेड कमी होता, मागे गर्दी होती, वेळ नव्हता, हे आधीच सांगितलंत तर समोरचा फोटो न बघता तुमची अडचण बघतो.

फोटो कुठल्या स्क्रीनवर बघितला जातोय हेही तपासा. ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवलेल्या फोनवर कुणी ‘फार काळोख’ म्हणालं म्हणून लगेच एक्सपोजर वाढवू नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ छटांचा आलेख) बघा, दुसऱ्या स्क्रीनवर बघा. दोघातिघांनी न ठरवता एकाच जागी बोट ठेवलं तर मात्र ती जागा गंभीरपणे घ्या. त्यांचा उपाय चुकीचा असेल, पण दुखणं तिथेच आहे.

फोटोतल्या व्यक्तीचं मत वेगळं ऐकायचं असतं. 1977 मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशातल्यासारखा उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला. स्वतःला बहुतेकांनी आरशातल्या रूपात पसंत केलं, मित्रांनी सरळ फोटो निवडला. आपला चेहरा आपण जन्मभर आरशात बघतो, त्यामुळे फोटोतला भांग आणि ओठांचा कल परका वाटतो. ‘मी अशी दिसत नाही’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. फोटो आडवा उलटवून दाखवा. चेहरा खुलला तर फोटोत बिघाड नव्हता. तरीही नको वाटत असेल तर हसू, नजर की कॅमेऱ्याचा कोन, नेमकं काय खुपतंय ते विचारा आणि उरलेल्या फ्रेम्स त्यांच्याच शेजारी बसून चाळा. तुमची सर्वांत आवडती फ्रेम त्यांना नको असेल, तर ती इतर कुणाला अभिप्रायासाठीही दाखवू नका.