पूर ओसरल्यावरची पेरणी : नाईलच्या काठावरून रब्बीसाठी सल्ला

नदीकाठच्या ज्या रानांतून श्रावण-भाद्रपदात पुराचे पाणी फिरून गेले, तिथे आता पाणी उतरले आहे, वर पोयट्याचा, म्हणजे बारीक सुपीक गाळाचा, थर बसला आहे आणि रब्बीची पेरणी कधी व कशी करावी हा प्रश्न समोर आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा, भीमा आणि गोदावरीकाठच्या शेतकऱ्यांसाठी हा सल्ला आहे. त्याला आधार मात्र प्राचीन इजिप्तमधील नाईलकाठच्या शेतीचा घेतला आहे, कारण पूर ओसरलेल्या जमिनीवर पेरणी करणे हाच त्या देशाच्या पोटापाण्याचा व्यवहार तीन हजार वर्षांहून अधिक काळ होता, आणि त्यांनी त्यात जे कसब मिळवले ते आजही उपयोगी पडणारे आहे.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. तिथला पूर येत असे तो दूर दक्षिणेला, इथियोपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबरमध्ये पडणाऱ्या मोसमी पावसाने. म्हणजे आपल्या नद्या फुगतात त्याच महिन्यांत निळी नाईल आणि अत्बारा या नद्याही फुगून गाळ घेऊन उत्तरेकडे निघत. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते त्या एल निनोच्या वर्षी अनेकदा दोन्हीकडे एकदमच तूट येते. आपला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो, तर तिथला माणूस मृगाच्या मागोमाग उगवणाऱ्या व्याधाकडे पाहत असे. सुमारे सत्तर दिवस अदृश्य राहिलेला हा तारा पहाटे सूर्याआधी पुन्हा पूर्वेला दिसला, की पुराचा ऋतू लागला असे धरीत. वर्षाचे ऋतूही तीनच होते आणि तिन्ही नदीवरून ठरलेले होते : पुराचा ‘आखेत’, पाण्याखालून जमीन वर येण्याचा व पेरणीचा ‘पेरेत’ आणि कापणीचा ‘शेमू’. आपण जमिनीला काळी आई म्हणतो. त्यांनी तर सगळ्या देशालाच ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, असे नाव दिले होते, आणि गाळ जिथे पोचत नसे त्या वाळवंटाला ‘देश्रेत’, म्हणजे तांबडी भूमी.

पूर आपोआप येतो आणि आपोआप पीक देऊन जातो, अशी नाईलबद्दल एक समजूत आहे. ती चुकीची आहे आणि शेतकऱ्याने तरी ती बाळगू नये. नदीच्या दोन्ही अंगांना आडवे-उभे मातीचे बांध घालून मैदानाचे मोठमोठे वाफे पाडलेले असत. कालव्यातून पाणी आत घेऊन ते साधारण चाळीस ते साठ दिवस कोंडून ठेवीत, तेवढ्यात गाळ खाली बसे आणि जमीन खोलवर भिजे, आणि मग बांध फोडून ते पाणी खालच्या वाफ्यात व शेवटी नदीत सोडून देत. खरे कौशल्य या शेवटच्या कामात होते. जाताना पाणी जमिनीतले क्षार धुऊन नेई, म्हणूनच शतकानुशतके पिके घेऊनही ती जमीन मिठाने पांढरी पडली नाही. पाणी आणण्याइतकेच पाणी काढून देण्याला ज्यांनी महत्त्व दिले, त्यांची जमीन टिकली, हे माझे ठाम मत आहे, आणि या हंगामातले पहिले कामही तेच आहे.

म्हणून नांगराला हात लावण्यापूर्वी शेताच्या सखल कोपऱ्यातून ओढ्याकडे जाणारे जुने चर मोकळे करावेत. पुराने आणलेला पालापाचोळा, ऊसाचे बुडखे आणि प्लॅस्टिक यांनी ते बहुधा बुजलेले असतात. कचऱ्याच्या ढिगाखाली साप बसलेले असण्याची भीती असते, म्हणून हात न घालता काठीने किंवा दाताळ्याने तो ओढावा, आणि पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नये. शेजाऱ्याच्या बांधामुळे पाणी अडत असेल तर ते आताच बोलून सोडवावे. इजिप्तमध्ये वरच्या वाफ्याचे पाणी खालच्या वाफ्यात सोडण्याचा क्रम गावागावांत ठरलेला असे, कारण एकाने अडवले की सगळ्यांचीच पेरणी लांबे.

पाणी निघाल्यावर वाफशाची, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर पण न चिकटणारी होण्याची, वाट पाहावी. वरचा पोयटा उन्हाने तडकला म्हणजे खाली वाफसा आला असे नव्हे. चार ते सहा इंचांवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून तो सोडावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, नुसता चपटा होऊन बसला तर आणखी थांबावे. नाईलकाठचा शेतकरी ओल्या गाळावरच बी फोकून मेंढ्यांकडून तुडवून घेई किंवा हलक्या लाकडी नांगराने झाकून घेई. ते त्याला जमत असे, कारण त्याच्या जमिनीवर जनावरांच्या खुरापेक्षा फार जड काही फिरत नव्हते. आपल्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि ओल्या पोयट्यावर तो एकदा फिरला की चाकाखाली जो घट्ट थर बसतो तो हंगामभर मुळांना खाली उतरू देत नाही. नाईलकाठच्या शेतकऱ्याकडून घ्यावी ती गोष्ट वेगळी आहे : वाफे जसजसे उघडे पडत, तसतशी तो पेरणी करीत जाई. शेताचा वरचा पट्टा आधी वाफशावर आला तर तेवढाच पेरून घ्यावा. सगळे रान एकसारखे वाळेपर्यंत थांबले तर वरच्या पट्ट्यातली ओल उडून जाते. उजनीसारख्या धरणांच्या गाळपेर जमिनीवर पाणी मागे हटेल तशी पेरणी करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पोयटा आला म्हणजे यंदा खत नको, असे पुष्कळजण म्हणतात. पोयट्यात खनिजे असतात, पण पाण्याखाली राहिलेल्या जमिनीतला नत्र बराचसा वाहून किंवा हवेत निघून गेलेला असतो. नाईलचा गाळ जगभर वाखाणला गेला, तरी तिथल्या शेतकऱ्यानेही मसूर, हरभरा यांसारखी द्विदल पिके धान्याच्या जोडीला ठेवलीच होती. बरसीम हे चाऱ्याचे पीकही आपल्या देशात इजिप्तमधूनच आले, ते १९०४ च्या सुमारास. पाण्याची सोय असलेल्या दूध उत्पादकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची पेरणी जरूर करावी. बाकी शेताचे माती परीक्षण करून मगच खताची मात्रा ठरवावी. नमुना घेताना वर साचलेला ताजा गाळ आणि खालची मूळ माती यांचे नमुने वेगळे द्यावेत. रेतीचा जाड थर बसला असेल तर तो काढूनच टाकावा. बारीक पोयटा मात्र नांगरटीत मातीत मिसळावा.

पिकांपैकी रब्बी ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच पेरावी. वाफसा त्यानंतर आला तर शाळूचा हट्ट धरू नये. तिथे हरभरा घ्यावा. हरभऱ्याच्या बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळावी, आणि नंतर दहा किलो बियाण्यास रायझोबियम हे नत्र बांधणारे व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम लावून, सावलीत सुकवून पेरावे. पूरबाधित जमिनीत मर आणि मूळकूज यांचा धोका अधिक असल्याने हे काम टाळू नये. करडईला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, म्हणून ती निचऱ्याच्या उंच पट्ट्यातच घ्यावी.

खपली गव्हाविषयी थोडे अधिक लिहितो. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कृष्णाकाठी जी खपली पिकते, तोच गहू प्राचीन इजिप्तचा मुख्य गहू होता. ग्रीक राजवट येईपर्यंत तिथली भाकरी याच गव्हाची होत असे. त्याचे टरफल दाण्याला इतके घट्ट चिकटलेले असते की मळणी झाल्यावरही ते वेगळे कांडून काढावे लागते. बी सालीसकटच पेरावे, कारण कांडताना अंकुराला इजा होते. तांबेऱ्याला ती चांगली तोंड देते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण उंच वाणांसारखा लोळत नाही, म्हणून पोयट्याच्या कसदार जमिनीत तो पाहण्याजोगा आहे. पेरणी नोव्हेंबरात करावी.

कोणत्या तुकड्यात काय पेरावे याचा विचार किती बारकाईने करायचा असतो, याचा एक जुना दाखला आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी हेकानख्त नावाचा इजिप्तमधला एक शेतमालक कामासाठी घरापासून दूर होता आणि तिथून तो घरच्यांना पत्रे पाठवीत होता. ती थीब्जजवळ देर अल-बहरी येथे १९२१-२२ मध्ये सापडली. कारभारी मेरिसूला तो बजावतो की आपल्या रानात जेवढे पाण्याखाली येईल ते सगळे कसण्याची जबाबदारी तुझी आहे. अमुक तुकड्यात कोणते धान्य पेरायचे, आणि पूर मोठा आला तर तिथे पीक कसे बदलायचे, हेही तो लिहून कळवतो. ते वर्ष तंगीचे होते आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचे धान्य त्याने मोजून ठरवून दिले होते. आपल्याकडेही पेरणीपूर्वी घरात बसून प्रत्येक गटासाठी एक पहिले पीक आणि वाफसा लांबला तर दुसरे, असे दोन्ही लिहून ठेवावे आणि दोन्हींचे बियाणे आधीच पाहून ठेवावे.

क्षारपड जमिनीचा विषय इथेच घेतला पाहिजे. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. त्याच्याही आधी, १९६४ पासूनच, नाईलचा वार्षिक पूर इजिप्तच्या शेतात येणे थांबले होते. बारमाही पाणी मिळाले, पण गाळ धरणात अडला, क्षार धुणारे पाणी राहिले नाही, आणि मग लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याचे पाईप घालावे लागले. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बारमाही उसाखाली जमिनी मिठाने फुलल्या, त्यामागेही जादा पाणी आणि अपुरा निचरा हेच कारण आहे. मातीची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर निचरा आणि गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय आहे; सामू (पीएच) ८.५ च्या वर जाऊन जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट व पाणी न मुरणारी, झाली असेल तरच जिप्समचा खर्च करावा, आणि तोही निचऱ्याची सोय झाल्यावर. सच्छिद्र पाईपांचे काम उन्हाळ्यात रान मोकळे असताना होते, परंतु उतार मोजणे आणि शेजाऱ्यांसह पाणी सोडण्याची जागा ठरवणे हे आताच करता येते, कारण पाणी कुठे तुंबले ते आता डोळ्यांना दिसते.

शेवटचे काम नोंदीचे. नाईलच्या काठी दगडी पायऱ्यांवर खुणा कोरून दरवर्षी पुराची उंची मोजत, आणि त्यावरून पीक किती येईल व कर किती घ्यावा याचा अंदाज बांधत. रोमन लेखक प्लिनीने तो हिशेब दिला आहे : पाणी बारा हात चढले तर उपासमार, तेरा हातांनाही भूक, चौदाला आनंद, पंधराला निर्धास्तपणा, सोळाला सुख. पुराने पुसलेल्या हद्दी पुन्हा आखण्यासाठी दोरीने जमीन मोजणारे लोक येत. आपणही बांधाचे दगड जागेवर आहेत का ते पहिल्या नांगरटीआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन पाहावे. विहिरीच्या कठड्यावर किंवा मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर गाळाची जी रेघ उमटली आहे, तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून, तिथे छिन्नीने खूण करून शेजारी वर्ष आणि तारीख कोरावी. पुढच्या पावसात मोटार किती उंच बसवायची आणि कोणत्या पट्ट्यात ऊस ठेवायचा नाही, हे त्या खुणेवरून ठरवता येईल. ही रेघ एका जोराच्या सरीने धुऊन जाते, तेव्हा हे काम याच आठवड्यात उरकावे.