कुत्र्याच्या कच्च्या मांसासाठी डीप फ्रीझर कसा निवडायचा

दुकानात जाण्याआधी घरी वजनाचा हिशोब करा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला कच्चा आहार रोज त्याच्या वजनाच्या साधारण 2 ते 3 टक्के लागतो. 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला अडीच टक्क्यांनी 750 ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेबावीस किलो. चपटी पाकिटं नीट रचली तर एक लिटर जागेत अर्धा किलो धरा; कोंबडीच्या माना आणि पाय असतील तर त्याहून कमी. हिशोबाने 45-50 लिटर पुरतात, तरी 100 लिटरचा घ्या. नवा माल येतो तेव्हा जुना संपलेला नसतो, आणि कॉम्प्रेसरच्या उंचवट्यात जागा जातेच.

झाकण वर उघडणारा आडवा फ्रीझरच घ्यावा. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी तळाशी राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायावर सांडते. आडव्याची एकच खोड: तळाला गेलेली कलेजी सहा महिने कुणाला आठवत नाही. म्हणून पाकिटावर तारीख लिहा आणि जुना माल टोपलीत वर ठेवा. काचेच्या झाकणाचा आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर स्वस्तात मिळाला तरी नको, काचेतून थंडावा जातो. फ्रॉस्ट-फ्रीही टाळा: बर्फ वितळवायला तो अधूनमधून आतून तापतो, त्यात मांस सुकून पांढरट पडतं.

कन्व्हर्टिबल मॉडेलमध्ये फ्रीझर-कूलर असं बटण असतं. झाडलोट करताना ते कूलरवर गेलं की सगळा माल खराब. त्यावर चिकटपट्टी लावाच.

मागच्या पट्टीवर क्लायमेट क्लास पाहा, म्हणजे बाहेर किती गरम असेपर्यंत फ्रीझर नीट चालतो ते. 'एन' 32 अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एसटी' 38 आणि 'टी' 43 पर्यंत. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात 'टी'सुद्धा घामाघूम होतो, तेव्हा तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

आत उणे 18 अंश हवेत. डायलवरचे 1 ते 7 म्हणजे अंश नव्हेत. साधा फ्रीझर थर्मामीटर आत ठेवा.

सगळ्यात जास्त चूक माल भरताना होते. खाटकाकडून आणलेलं 15 किलो ताजं मांस एकदम आत टाकलं, तर ते हळूहळू गोठतं, मोठे स्फटिक पेशी फोडतात, आणि पुढे वितळताना सगळं पाणी-रक्त भांड्यात येतं. शिवाय शेजारची गोठलेली पाकिटं मऊ पडतात. 24 तासांत फ्रीझर किती किलो गोठवतो हा आकडा माहितीपत्रकात असतो. नसेल तर 100 लिटरला 5 किलो धरा. पाकिटं एका वेळच्या जेवणाची आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीची करा. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही, नुसता थांबतो. म्हणून वितळवणं फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात.

वीज गेली तर झाकण उघडू नका. भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास टिकतो, अर्धा 24. भर उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परतल्यावर ते तळाला बुडालेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो माल फेका.

बर्फाचा थर 5 मिलिमीटर झाला की फ्रीझर बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडलात तर भिंतीतली नळी फुटते आणि गॅस जातो.