वटवाघूळ चावल्यास रेबीजची लस कितपत वाचवते आणि काय करावे

रेबीजच्या सगळ्या लसी खुद्द रेबीजच्या विषाणूपासून बनवतात. वटवाघळांत मात्र त्याचे बरेच भाऊबंद आढळतात. या साऱ्या कुळाचे नाव लिसाव्हायरस. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ग्लायकोप्रोटीनला धरतात. नाते जितके दूरचे, तितके हे प्रथिन वेगळे आणि पकड ढिली. ऑस्ट्रेलियन बॅट लिसाव्हायरस, युरोपियन बॅट लिसाव्हायरस १ व २ आणि डुवेनहेज हे जवळचे. त्यांच्यावर लस चालते. लागोस बॅट, शिमोनी आणि वेस्ट कॉकेशियन यांच्या बाबतीत तिचा भरवसा धरता येत नाही.

चावलेल्या वटवाघळात यांपैकी कोण होता, हे त्या घडीला कळत नाही. म्हणून उपचार पूर्णच घ्यायचे.

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, घड्याळ लावून. विषाणू कुठल्याही गटातला असो, साबण त्याचे आवरण फोडतो. दूरच्या विषाणूंसाठी तर हीच पायरी सर्वांत मोलाची. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. वटवाघळाचे दात सुईसारखे बारीक असतात, खूण दिसेनाशी होते, आणि ‘नुसते खरचटले’ म्हणून लोक इथेच फसतात.

त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘वटवाघूळ’ असे स्पष्ट सांगा. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट संपर्क तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीत धरते. म्हणजे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडेही हवीत. मानवी असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याचे असेल तर ४०; ६० किलोच्या माणसाला १२०० किंवा २४००. ते जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. बोटाच्या टोकाला जागा थोडी, तिथे दाबून भरू नये, रक्तपुरवठा अडतो. लसीचा पहिला डोस होऊन ७ दिवस उलटले की ते देत नाहीत.

लस ०, ३, ७ या दिवशी आणि चौथा डोस १४ ते २८ व्या दिवसादरम्यान, दंडात. दोन वर्षांखालील मुलांना मांडीत. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत ती वाया जाते. पूर्वी पूर्ण लस झालेल्यांना ० आणि ३ पुरे, इम्युनोग्लोब्युलिन नको.

वटवाघळे हाताळणाऱ्यांनी आधीच ० आणि ७ व्या दिवशी लस घ्यावी. नंतरच्या रक्ततपासणीत मिलिलिटरला ०.५ युनिट म्हणजे पुरेसे, पण हे मोजमाप रेबीजच्या विषाणूसमोरचे आहे. दूरच्या गटांबद्दल त्यातून काहीच कळत नाही, तेव्हा जाड हातमोजे सुटत नाहीत.

वटवाघूळ सापडले तर त्याचे डोके ठेचू नका. तपासणी मेंदूचीच होते. उघड्या हाताने न उचलता बंद डब्यात, थंड ठेवून प्रयोगशाळेला द्या. अहवालाची वाट पाहत पहिला डोस मात्र लांबवू नका.