विमान पडणारच, पिशवी आधी भरा

रविवारी सकाळी वारा सुटायच्या आत रिमोटवर उडणारं फोमचं विमान घेऊन मैदान गाठायचं असेल तर पिशवी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. बॅटरी चार्ज करायला कुणी विसरत नाही, विसरतं ते पडल्यानंतरचं सामान. त्याच मापाचे दोन-तीन जादा प्रॉप (विमानाचा फिरता पंखा) घ्याच. कडेला टवका उडालेला प्रॉप चिकटवून पुन्हा लावायचा नाही. तो थरथरतो, आणि वेगात तुटला तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. सोबत धाग्यांची चिकटपट्टी, बांबूच्या बारीक काड्या, कटर, ॲलन की, केबल टाय आणि एक जादा 9 ग्रॅमचा सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणारी छोटी मोटर).

गोंदाचं मात्र नीट बघा. फेविक्विकसारखा साधा झटपट गोंद थर्माकोल आणि डेप्रॉन (फोमचे पातळ तक्ते) खातो, जोडायला गेलेली भेग खड्डा होऊन बसते. त्यासाठी फोम-सेफ गोंद किंवा 5 मिनिटांचा इपॉक्सी. ईपीओ, ईपीपी या लवचिक फोमना साधाही चालतो. ईपीओचं विमान असेल तर थर्मासमध्ये गरम पाणी न्या. नाकावर पडून चेपलेला भाग त्या पाण्याने हळूहळू भिजवला की फोमचे दबलेले दाणे फुगून वर येतात, सुरकुत्या बऱ्याच निघतात. हे बघायला मजा येते, पण मूळ आकार पुरता येईल अशी आशा नको.

विमान पडलं की पहिल्यांदा थ्रॉटल (रिमोटवरची मोटरच्या वेगाची काडी) शून्यावर, मग पळा. कुठल्या झाडाच्या रेषेत पडलं ते पळण्याआधी डोळ्यांत धरा. उंच ज्वारीत शिरल्यावर दिशा राहत नाही. (आणि उभ्या पिकात शिरण्याआधी शेतमालकाला विचारा, पुढच्या रविवारीही तिथंच जायचंय.) हातात आलं की आधी बॅटरी काढा. लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) फुगलेली, चेपलेली किंवा गोडसर वास येणारी दिसली तर ती गाडीत ठेवू नका. उघड्यावर, वाळलेल्या गवतापासून लांब, किमान अर्धा तास नजरेसमोर ठेवा. पेट उशिराही घेते. म्हणून पत्र्याचा डबा आणि थोडी वाळू यादीत हवीच.

फोमचे बारीकसारीक तुकडेही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळा करा. तुटलेल्या कडा घासून सपाट करू नका, जशा आहेत तशाच त्या एकमेकींत बसतात. पंखाचा स्पार (आतला आधाराचा दांडा) मोडला किंवा मोटर माउंट (मोटरची बैठक) हललं तर त्या दिवशीचं उडवणं बंद. मैदानावर टेप लावून उडवण्याचा हट्ट म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी. बाल्साचं (हलक्या लाकडाचं) काम तर घरीच.

दुरुस्तीनंतर वजन तपासा. शेपटी नाकापेक्षा लांब असते, त्यामुळे मागे 5 ग्रॅम गोंद वाढला तर पुढे साधारण 10 ते 15 ग्रॅम भरावे लागतात. बहुतेक ट्रेनर (शिकाऊंच्या) विमानांचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांवर यायला हवा. प्रॉप काढून मोटर हाताने फिरवा, शाफ्ट वाकलाय का बघा. प्रत्येक सर्वो टोकापासून टोकापर्यंत चालवा. एकाच जागी अडखळला तर आतल्या गिअरचे दात गेलेत, बदला. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उलटे जोडले नाहीत ना, हे विमानाच्या मागे उभं राहून पाहा. मग रेंज चेक (रिमोट लांबूनही चालतो का), आणि पहिली फेक गवताच्या बाजूने, वाऱ्याच्या तोंडावर.